संमिश्र अभिप्राय : चित्रपटपरीक्षणातील एका अवघड प्रकाराचा विचार

१. जमाखर्च आणि अभिप्राय

‘संमिश्र अभिप्राय’ हा शब्दप्रयोग चित्रपटपरीक्षणात इतका रूढ झाला आहे की, त्याचा नेमका अर्थ काय, हे सहसा कोणी विचारीत नाही. परीक्षक छायालेखनाची स्तुती करतो, उत्तरार्ध रेंगाळल्याची तक्रार करतो, एखाद्या नटाला शाबासकी देतो आणि शेवटी पाचांपैकी तीन तारे देऊन मोकळा होतो. गुणांची एक यादी, दोषांची दुसरी यादी, आणि दोहोंची वजाबाकी करून उरलेली शिल्लक म्हणजे अभिप्राय, अशी या पद्धतीची धारणा दिसते. हा जमाखर्च झाला; त्याला समीक्षा म्हणता येणार नाही. तीन तारे मिळालेले दोन चित्रपट एकमेकांपासून सर्वस्वी भिन्न असू शकतात. एक सर्वत्र सामान्य असेल, तर दुसरा काही ठिकाणी असामान्य व काही ठिकाणी फसलेला असेल. त्या दोहोंतील अंतर नेमके काय आहे, हे सांगणे हेच समीक्षकाचे काम असते आणि तारे नेमके तेच झाकून टाकतात.

मराठीत चित्रपटाचा गंभीर विचार झालेलाच नाही, असे नाही. १९६८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थांनी चित्रपट पाहण्याची दृष्टी घडविली. अरुण खोपकर यांनी ‘गुरू दत्त : तीन अंकी शोकांतिका’ या ग्रंथात तीन चित्रपटांचे सूक्ष्म वाचन करून, दृश्यभाषेच्या अंगाने एखाद्या दिग्दर्शकाचा विचार किती खोलवर नेता येतो, हे दाखवून दिले. तथापि नित्याच्या परीक्षणात ही दृष्टी क्वचितच उतरते. विशेषतः एखाद्या चित्रपटाचा विषय वेदनेचा असला की परीक्षक संकोचतो. विषयाविषयीचा आदर कलाकृतीच्या मूल्यमापनात मिसळून जातो, आणि दोष दाखविणे म्हणजे दुःखाचाच अनादर करणे, असे त्याला वाटू लागते.

या संकोचाचे स्वरूप तपासण्यासाठी भिवंडी हे गाव फार उपयोगी आहे. ठाणे जिल्ह्यातील हे यंत्रमागांचे शहर पडद्यावर आपल्या नावाने फारसे आलेले नाही. परंतु ‘आक्रोश’ आणि ‘तमस’ या दोन महत्त्वाच्या कृतींच्या उगमाशी त्याचे नाते आहे. दोन्ही कृती गोविंद निहलानी यांच्या आहेत आणि दोहोंचा विषय असा आहे की, त्यापुढे परीक्षकाची लेखणी सहज अडखळावी. या दोन कृतींवरून जो निकष हाती येतो, तो अलीकडील चित्रपटांना लावून पाहणे, हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२. दोषविचाराची जुनी चौकट

गुणदोषांच्या सहवासाचा प्रश्न भारतीय साहित्यशास्त्राला नवा नाही. अकराव्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्याचे लक्षण सांगताना शब्दार्थ दोषरहित असावेत, अशी अट घातली. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त या अटीवर मार्मिक आक्षेप घेतला. संपूर्ण निर्दोष असेल तेच काव्य मानावयाचे ठरविले, तर काव्य बहुधा सापडणारच नाही. किड्याने पोखरलेले रत्न रत्नच राहते; त्याची प्रत मात्र कमी होते. संमिश्र अभिप्रायाचे तत्त्व या दृष्टांतात सामावलेले आहे. दोष आहे म्हणून रत्नत्व नाकारावयाचे नाही, आणि रत्न आहे म्हणून दोष झाकावयाचाही नाही.

याहूनही उपयुक्त असा भेद नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त केला. कानाला कठोर वाटणारी शब्दयोजना शृंगारात दोष ठरते. रौद्रात तीच उपकारक होते. म्हणजे काही दोष नित्य नसून अनित्य असतात. ते दोष आहेत की नाहीत, हे त्या कृतीचा मुख्य रस ठरवितो. दोषाची व्याख्याच पुढे रसाला उणेपणा आणणारी गोष्ट अशी केली गेली. बा. सी. मर्ढेकरांनी विसाव्या शतकात संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या घटकांचे परस्परसंबंध तपासले, तेव्हा त्यांचीही भूमिका सुटा घटक नव्हे, तर घटकांचा संबंध महत्त्वाचा, अशीच होती.

ही चौकट चित्रपटाला लावली म्हणजे संमिश्र अभिप्रायाचे रूप पालटते. ‘गती संथ आहे’, ‘शेवट भडक आहे’, ‘नायक बोलत नाही’ ही विधाने स्वतंत्रपणे दोष सांगत नाहीत. ती केवळ निरीक्षणे आहेत. संथपणाने, भडकपणाने किंवा मौनाने त्या कृतीच्या मुख्य परिणामाचे काय केले, हे सांगितले म्हणजे निरीक्षणाचा अभिप्राय होतो.

३. ‘आक्रोश’ : गुण आणि दोष यांचे एकच मूळ

१९८० मध्ये प्रदर्शित झालेला ‘आक्रोश’ हा निहलानी यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. विजय तेंडुलकरांच्या या पटकथेमागे भिवंडी परिसरातील एका प्रकरणाची हकीकत असल्याचे सांगितले जाते. यंत्रमागांच्या खडखडाटामुळे बाहेरच्या माणसाला भिवंडी म्हणजे केवळ कापडाचे शहर वाटते. परंतु शहराभोवतीच्या तालुक्यात शेतकऱ्यांची गावे आणि आदिवासींचे पाडेही आहेत. ‘आक्रोशा’चे जग त्या दुसऱ्या भिवंडीच्या जवळचे आहे. चित्रपटात मात्र ते नाव येत नाही.

कथानक प्रसिद्ध आहे. लहान्या भिकू हा आदिवासी मजूर पत्नीच्या खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात आहे. वास्तविक त्याच्या पत्नीवर गावातील प्रतिष्ठितांनी अत्याचार केलेला असतो. सरकारने नेमलेला तरुण वकील भास्कर कुलकर्णी त्याला बोलते करू पाहतो. पण भिकू तोंड उघडत नाही. सरकारी वकील दुसाणे हा भास्करचा गुरू आणि स्वतः आदिवासी. ओम पुरी, नसीरुद्दीन शाह, अमरीश पुरी आणि स्मिता पाटील यांच्या भूमिका असलेल्या या चित्रपटाला भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात १९८१ मध्ये सुवर्णमयूर पुरस्काराचा मान मिळाला.

या चित्रपटाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे भिकूचे मौन. न्यायालयाची भाषा, पुराव्याची भाषा, सहानुभूतीचीही भाषा ज्याला परकी आहे, त्याने बोलावे कोणापुढे आणि कशासाठी, हा प्रश्न कोणत्याही संवादावाचून त्या चेहऱ्यावर उमटतो. परंतु चित्रपटावरचा सर्वांत गंभीर आक्षेपही याच मौनातून निघतो. भिकू बोलत नसल्यामुळे पडद्यावरील जाणीव वकिलाची होऊन बसते. प्रेक्षक भिकूच्या दुःखापेक्षा भास्करच्या अस्वस्थतेत अधिक वेळ वावरतो. भिकूची पत्नी नागी केवळ गतकालदर्शनात भेटते.

जमाखर्चाची पद्धत येथे लंगडी पडते. मौन जमेच्या बाजूला लिहावे तर भास्करचे वर्चस्व खर्चाच्या बाजूला लिहावे लागते. आणि या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच. दोष काढून टाका असे म्हणावे तर गुणही जातो. अशा वेळी प्रामाणिक अभिप्राय असाच द्यावा लागतो की, या कृतीने एक मोठी गोष्ट साधण्यासाठी एक मोठी किंमत मोजली आहे, आणि ती किंमत कोणाच्या वाट्याला गेली, हे पाहणे आवश्यक आहे.

ती किंमत शेवटच्या प्रसंगात स्पष्ट दिसते. वडिलांच्या अंत्यविधीसाठी बेड्या घालून आणलेला भिकू बहिणीकडे पाहणारी वासनेची नजर ओळखतो, कुऱ्हाड उचलतो आणि बहिणीलाच ठार करतो. मग त्याच्या तोंडून तो आक्रोश फुटतो. हा शेवट भडक आहे, अशी तक्रार करता येईल. परंतु ती तक्रार टिकणारी नाही. इतका वेळ दाबून धरलेला आवाज मोकळा होताना तो सौम्य असूच शकत नाही, आणि येथे भडकपणा हा अनित्य दोष ठरतो. खरा आक्षेप निराळा आहे. पुरुषाच्या मौनाला चित्रपटाने अर्थ दिला, त्याच्या किंकाळीलाही दिला. ज्या बहिणीचा जीव गेला तिच्या इच्छेला मात्र विचारात घेतले नाही. तिचे मरण भिकूच्या अगतिकतेचे चिन्ह बनते. हा आक्षेप घेतल्याने ‘आक्रोश’ लहान होत नाही. उलट तो कोठे थांबला, हे कळल्यामुळे पुढच्या चित्रपटाला कोठून निघावयाचे, हे समजते.

४. ‘तमस’ : न्यायालयाचा अभिप्राय आणि समीक्षकाचा

भिवंडीचे नाव देशभर गेले ते दंगलीमुळे. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी येथे दंगल पेटली आणि तिचे लोण जळगाव व महाड येथे पोहोचले. न्यायमूर्ती दि. प्र. मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. दंगलीनंतर अभिनेते बलराज साहनी भिवंडीस गेले, त्या वेळी त्यांचे बंधू भीष्म साहनी त्यांच्यासमवेत होते. उजाड मोहल्ले आणि थांबलेले माग पाहताना भीष्मजींना १९४७ मधील रावळपिंडी आठवली, आणि त्या आठवणीतून ‘तमस’ ही कादंबरी आकारास आली. तिला १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. निहलानी यांनी तिच्यावर केलेली चित्रमालिका जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवरून प्रक्षेपित झाली.

प्रक्षेपण थांबविण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात अर्ज झाला. तेथे न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि प्रक्षेपणास हरकत नसल्याचा निर्णय दिला. फेब्रुवारी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ‘रमेश विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात तीच भूमिका घेतली. या निर्णयातील दोन सूत्रे समीक्षाशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. एक असे की, कृतीचा परिणाम तिच्या सुट्या प्रसंगावरून न ठरविता समग्रतेने ठरवावयाचा. दुसरे असे की, तो ठरविताना समंजस व खंबीर मनाचा माणूस डोळ्यांपुढे ठेवावयाचा. प्रत्येक गोष्टीत धोका पाहणारे दुर्बल मन प्रमाण मानावयाचे नाही. सहृदयाची जुनी कल्पना जणू कायद्याच्या वेषात येथे पुन्हा भेटते.

तरीही न्यायालयाचा अभिप्राय आणि समीक्षकाचा अभिप्राय यांत मूलभूत फरक आहे. न्यायालयापुढे प्रश्न दोनच उत्तरांचा असतो : दाखवावे की दाखवू नये. तेथे संमिश्र उत्तराला जागा नाही. समीक्षकाचे काम ‘दाखवावे’ या उत्तरानंतर सुरू होते. दुर्दैवाने अशा वादानंतर वातावरण असे तापते की, कृतीत काही उणे आहे म्हणणारा बंदी मागणाऱ्यांच्या पंगतीला बसल्यासारखा दिसतो. बंदीचा आग्रह धरणारा आणि विषयाच्या थोरवीमुळे कृतीची आरती करणारा, हे दोघेही एका अर्थी सारखेच. दोघांनीही कृतीकडे पाहण्याचे टाळलेले असते.

‘तमस’कडे तसे पाहिले तर काय दिसते? आरंभी नत्थू हा चर्मकार एका डुकराला मारण्यासाठी रात्रभर झटतो, तो प्रसंग दीर्घ आहे आणि असह्यही आहे. त्याला लांबण म्हणणे चुकीचे होईल. आपण काय करीत आहोत हे न कळता कष्ट उपसणारा माणूस आणि त्याच्या कष्टाचा दुसऱ्याने केलेला उपयोग, हाच मालिकेचा विषय आहे. तो प्रेक्षकाच्या अंगात भिनण्यास तेवढा वेळ लागतो. उलट एका निराळ्या ठिकाणी आक्षेपास जागा आहे. डुकराचे कलेवर मशिदीच्या पायरीवर सापडते आणि त्यामागे मुराद अलीसारखा हस्तक असल्याचे प्रेक्षकाला ठाऊक असते. त्यामुळे दंगल ही मूठभर कारस्थान्यांची करणी आहे, असा दिलासा प्रेक्षकाच्या मनात घर करतो. पुढच्या भागांत शेजारीच शेजाऱ्यावर उठतो तेव्हा हा दिलासा खोटा ठरावयास हवा. परंतु पहिल्या प्रसंगाची पकड इतकी घट्ट असते की तो पुरता मोडत नाही. हा दोष मुख्य परिणामाला स्पर्श करणारा आहे आणि म्हणून नोंदविण्याजोगा आहे.

भिवंडीच्या पुढील इतिहासाने या आक्षेपाला वजन दिले. १९८४ मध्ये शहर पुन्हा पेटले. त्यानंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने येथे मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. आणि डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. दंगल केवळ हस्तक घडवीत असते, तर शेजाऱ्यांना एकत्र बसविल्याने ती टळली नसती. शांततेचे हे कथानक दंगलीइतके दृश्य नाही, आणि म्हणूनच ते पडद्याला अधिक आव्हान देणारे आहे.

५. अलीकडील दोन चित्रपट

एखाद्या वस्तीची एकच प्रतिमा रूढ झालेली असताना तिच्यावर चित्रपट करणे, हा प्रश्न अलीकडील काही चित्रपटांपुढेही होता. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) नागपूरच्या झोपडपट्टीतील मुलांचा आहे. जवळजवळ तीन तासांच्या या चित्रपटावर लांबीचा आक्षेप सहज घेता येतो. पण लांबी कोठे नित्य दोष आहे आणि कोठे अनित्य, हे पाहावयास हवे. मोनिका या आदिवासी मुलीची आणि तिच्या वडिलांची ओळखीच्या कागदपत्रांसाठी होणारी वणवण लांबते, ती योग्यच आहे. विलंब हाच तेथे अनुभव आहे. झोपडपट्टीला वेगळी काढणारी भिंत आणि तिच्यावरून उडणारे विमान ही प्रतिमाही शब्दावाचून सर्व सांगते. याउलट न्यायालयातील प्रशिक्षकाचे भाषण, त्या भिंतीने जे व्यक्त केले तेच पुन्हा शब्दांत मांडते. तेथे दिग्दर्शकाचा प्रेक्षकावरचा विश्वास डळमळलेला दिसतो आणि लांबी खऱ्या अर्थाने दोष होते.

दुसरा चित्रपट रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’. भारतात तो फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. मालेगाव ही यंत्रमागांच्या बाबतीत भिवंडीची सख्खी बहीण. तेथेही विणकरांची दाट वस्ती, तेथेही वृत्तपत्रांत नाव यावयाचे ते बहुधा दंगलीच्या वा स्फोटाच्या निमित्ताने. अशा गावात नासिर शेख यांनी मित्रांच्या मदतीने, तुटपुंज्या साधनांनी, गाजलेल्या चित्रपटांच्या विडंबनाचे स्थानिक चित्रपट काढले. फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) या माहितीपटाने त्यांची कीर्ती दूरवर नेली. कागती यांच्या चित्रपटाने त्याच जीवनाला कथारूप दिले. पटकथा वरुण ग्रोव्हर यांची.

या चित्रपटाचा गुण निर्विवाद आहे. माग चालविणारा शफीक पडद्यावर नायक म्हणून उभा राहतो, तेव्हा ज्यांना पडद्याने आजवर जमाव म्हणूनच पाहिले त्यांना चेहरा मिळतो. मित्रमंडळातील लेखकाची कुचंबणा, श्रेय कोणाचे हा झगडा, यांमुळे कथेला नुसत्या गोडव्यापलीकडचे वजन येते. परंतु समीक्षकासाठी येथे एक नवा सापळा आहे. चित्रपटावरच्या प्रेमाची कथा चित्रपटावर प्रेम करणाऱ्या समीक्षकाला सुखावते, आणि वेदनेच्या विषयापुढे जसा त्याला संकोच वाटतो तसाच या आनंदाच्या विषयापुढे तो सैल होतो. माहितीपटाशेजारी ठेवून पाहिले तर कथापटातील गुळगुळीतपणा जाणवतो. माहितीपटात साधनांची ओढाताण हीच चित्रणाची सामग्री आहे. कथापटात ती ओढाताण सफाईदार साधनांनी उभी केली आहे. मैत्रीचे नाट्य ठळक होत जाते तसतसे मागावरचे काम मागे सरकून पार्श्वभूमी बनते. मात्र येथेही दोषाचे मूळ गुणातच आहे. ही कथा दूरच्या प्रेक्षकापर्यंत नेणारी सफाईच तिचा खडबडीतपणा घासून टाकते.

६. उपसंहार

या विवेचनातून विद्यार्थ्याच्या हाती तीन प्रश्न यावेत, अशी अपेक्षा आहे. पहिला : दाखविलेला दोष कृतीच्या मुख्य परिणामाला बाधक आहे काय, की तिच्या रसाला तो आवश्यकच आहे? दुसरा : गुण आणि दोष यांचे मूळ एक आहे काय, असल्यास त्या गुणाची किंमत कोणी मोजली? तिसरा : अभिप्राय देणारा कृतीविषयी बोलत आहे, की विषयाविषयीच्या आपल्या भावनेविषयी? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ज्यात आहेत तो अभिप्राय संमिश्र असूनही गुळमुळीत नसतो. किंबहुना, निःसंदिग्ध स्तुतीपेक्षा आणि निःसंदिग्ध निंदेपेक्षा त्यात अधिक निश्चिती असते.

भिवंडीसारख्या गावाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ रसिकतेचा नाही. मराठी, उर्दू, हिंदी व तेलुगू बोलणाऱ्या कष्टकऱ्यांच्या या शहराच्या वाट्याला बाहेरचे अभिप्राय नेहमी एकेरी आले : उद्योगाचे केंद्र, अथवा दंगलीचे गाव. या शहराकडे एकाच नजरेने पाहू नये, असे ज्याला वाटते, त्याने त्याच्या दुःखातून निघालेल्या कलाकृतीकडेही तसे पाहू नये. कलाकृतीतील उणे दाखविताना तिच्यामागच्या माणसांचा अवमान होत नाही. विषय पवित्र म्हणून कृती न तपासणे, हा मात्र त्या माणसांवरचा अन्याय आहे. कारण त्यांची कथा अधिक चांगल्या रीतीने सांगितली जाण्याचा मार्ग त्यामुळे बंद होतो.